सपाट तळवे आणि जास्त वजन: मुलाकडून कोणते व्यायाम, कोणत्या क्रमानं आणि किती करून घ्यायचे

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ९ वर्षांचा, उंची १३२ सेंमी, वजन ४३ किलो. दोन्ही तळवे सपाट. संध्याकाळी पोटऱ्या आणि पावलाची आतली बाजू दुखते, बूट आतून झिजतात, खेळाच्या तासाला तो मागे पडतो. दुकानदार कमानीचे बूट घ्या म्हणतो, घरचे वाळूवर चालवा म्हणतात. व्यायामानं कमान येईल का? येणार असेल तर कोणत्या?

कमानीची आशा थोडी बाजूला ठेवा. व्यायामानं दुखणं कमी होतं, मूल न थकता जास्त चालू शकतं, उभं असताना घोटा आत कलणं थोडं कमी होतं. एवढं बहुतेक मुलांमध्ये साधतं. ओल्या पावलाचा फरशीवरचा ठसा मात्र फारसा बदलेलच असं नाही, आणि न बदलल्यानं काही बिघडतही नाही. लहानपणी तळवा सपाट असणं ही वाढीतलीच एक पायरी असते. व्हिएन्नात ३ ते ६ वयाच्या ८३५ मुलांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीन वर्षांच्या मुलांत ५४ टक्के, तर सहा वर्षांच्यांत २४ टक्के मुलांचे तळवे सपाट निघाले. खऱ्या अर्थानं आजार म्हणावा अशी मुलं १ टक्क्याहून कमी होती. वजन जास्त असलेल्या मुलांत मात्र सपाट तळव्यांचं प्रमाण ठळकपणे जास्त होतं. तुमचा मुलगा या दुसऱ्या गटातला आहे.

ठशावर विश्वास न ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. स्थूल मुलांच्या तळव्याच्या मध्यभागी चरबीची गादी जाड असते. ती जमिनीला टेकते आणि हाडांची कमान आहे त्याहून सपाट दिसते. म्हणून दर आठवड्याला ठसे काढून तुलना करू नका. काय मोजायचं ते पुढे येईल.

आधी दोन चाचण्या

मुलाला अनवाणी, भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. टाचा आतल्या बाजूला वळल्या आणि तळव्याखाली कमान दिसली, तर पाऊल लवचिक आहे आणि व्यायामाचा उपयोग आहे. दुसरी चाचणी: मूल सरळ उभं असताना पायाचा अंगठा हातानं वर उचला, कमान वर यायला हवी. जड मुलांत अंगठ्यावर इतका भार असतो की तो उचलताच येत नाही. तेव्हा पहिल्या चाचणीवर जास्त भर द्या.

चवड्यांवर उभं राहूनही कमान आली नाही, पाऊल आत-बाहेर ताठ वाटलं, एकच पाऊल सपाट असेल, रात्री दुखण्यानं जाग येत असेल किंवा मूल वारंवार धडपडत असेल, तर घरी व्यायाम सुरू करू नका. पावलाच्या मागच्या भागातली हाडं एकमेकांना जन्मतः जोडलेली असू शकतात. ही तक्रार साधारण ८ ते १६ या वयात डोकं वर काढते आणि तिथे ताणाचे व्यायाम करून घेतले की दुखणं वाढतं.

वजनदार मुलांच्या बाबतीत एक गोष्ट कधीच दुर्लक्षू नये. मूल लंगडतंय, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणतंय आणि त्या बाजूचं पाऊल बाहेर वळलंय, तर दोष पावलात शोधत बसू नका. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्यात सरकलेला असू शकतो. हे वाढीच्या वयातल्या स्थूल मुलांमध्येच जास्त होतं आणि दुखणं खुब्याऐवजी गुडघ्यात जाणवतं, त्यामुळे आठवडेच्या आठवडे गुडघ्याला मलम चोळलं जातं. अशा वेळी त्या पायावर भार देणं थांबवून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडून खुब्याचा एक्स-रे काढून घ्या.

पाऊल का बसतं

१३२ सेंमी उंचीच्या मुलाचं वजन साधारण २८ किलोच्या आसपास असतं. तुमचा मुलगा सुमारे १५ किलो जास्त वागवतो, म्हणजे भरलेला मोठा हंडा दिवसभर कडेवर. चालताना पावलावर शरीराच्या वजनाहून थोडा जास्तच भार येतो, धावताना दोन ते तीन पट. कमानीला तोलून धरणारे अस्थिबंध या वयात तसेही सैल असतात. मग काम येतं स्नायूंवर: पोटरीच्या आत खोल असलेला, आतल्या घोट्यामागून तळव्यात उतरणारा स्नायू आणि तळव्यातले छोटे स्नायू. ते लवकर थकतात. संध्याकाळी आतली बाजू दुखते ती यामुळे.

यात दोन गोष्टींची भर पडते. एक, आखडलेली पोटरी. पोटरी टाचेला वर ओढत राहते आणि घोटा पुरेसा वाकत नाही. पाऊल पुढे टाकताना ती उणीव भरून काढायला तळव्याचा मधला भाग मोडतो. दुसरी, चालण्याची ढब. मांड्या एकमेकींना घासतात म्हणून जड मुलं पाय फाकवून, पावलं बाहेर वळवून चालतात. अशा चालीत प्रत्येक पावलाचा भार आतल्या काठावरून जातो. त्यामुळे नुसते तळव्याचे व्यायाम केले आणि पोटरी व खुबा सोडून दिला, तर दोन महिन्यांनी हाती फारसं काही लागत नाही. बोटांनी गोट्या उचलणं हा सगळीकडे सांगितला जाणारा व्यायाम याच कारणानं कमी पडतो. त्यात बोटं वाकवणारे लांब स्नायू काम करतात, कमान धरणारे छोटे नाहीत. करमणूक म्हणून ठीक आहे.

पहिले दोन आठवडे: पोटरी सैल करणं आणि बसून सराव

पोटरीचा ताण. भिंतीकडे तोंड, एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीवर. मागच्या पावलाची बोटं थेट भिंतीकडे हवीत. इथेच सगळे चुकतात: पाऊल बाहेर वळवलं की ताण पोटरीत न येता तळव्याच्या मधल्या भागात जातो आणि आपण कमान आणखी दाबत बसतो. त्यासाठी मागच्या पावलाच्या आतल्या काठाखाली पंचाची सुमारे १ सेंमी जाडीची घडी ठेवा. ३० सेकंद, तीन वेळा, दोन्ही पाय. मग मागचा गुडघा किंचित वाकवून पुन्हा ३० सेकंद, दोनदा. सकाळ-संध्याकाळ. झटके नकोत. ताण पोटरीच्या मांसल भागात जाणवला पाहिजे. घोट्याच्या पुढे टोचलं तर पाय थोडा जवळ घ्या.

तळवा आखडणं. मूल खुर्चीवर, गुडघे काटकोनात, तळवे फरशीवर. तळव्याचे तीन टेकू त्याला बोट लावून दाखवा: टाच, अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा, करंगळीच्या मुळाचा उंचवटा. तिन्ही जमिनीवर ठेवून अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढायचं, जणू पाऊल एका मापानं लहान होतंय. बोटं सैल, सरळ. ५ सेकंद धरायचं, १० वेळा, दोन फेऱ्या.

हा व्यायाम वाचायला सोपा वाटतो, पण पहिल्या दिवशी जवळपास कुणालाच जमत नाही. मुलाला तो स्नायू कुठे आहे हेच कळत नाही. शिकवण्याची युक्ती अशी: तुम्ही हातानं त्याचा अंगठा वर उचला, कमान आपोआप वर येईल. आता ‘ही अशीच धरून ठेव’ म्हणत अंगठा हळूहळू खाली सोडा. सोबत आणखी एक सराव: चार बोटं जमिनीवर ठेवून फक्त अंगठा उचलणं, मग अंगठा ठेवून चार बोटं उचलणं. प्रत्येकी दहा वेळा. आठवडाभरात जमायला लागतं.

चुका ओळखायच्या कशा? बोटांखाली कागदाची पट्टी ठेवा. कागद चुरगळला तर बोटं वळवतोय. अंगठ्याच्या मुळाखाली दुसरी पट्टी सरकवून ओढून बघा. सहज निघाली तर तो घोटा बाहेर कलवून कमानीचा आभास करतोय. घोट्याच्या पुढच्या बाजूला जाड दोरीसारखी शीर ताठ उभी राहिली, तरीही हीच चूक. तळव्यात गोळा आला तर थांबा, बोटं हातानं वर ताणा आणि पुढच्या वेळी ५ ऐवजी ३ सेकंद धरा. गोळा येणं वाईट नाही, स्नायू नवा आहे एवढाच त्याचा अर्थ.

खुब्यासाठी या टप्प्यात दोनच गोष्टी. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, १० वेळा, दोन फेऱ्या. आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचलणं, प्रत्येक बाजूला १०. पाय पुढे आला तर काम मांडीचा पुढचा स्नायू करतो, खुब्याच्या बाजूचा नाही. भिंतीला पाठ लावून झोपवलं आणि टाच भिंतीवर घासत वर न्यायला सांगितली की चूक होत नाही.

तिसरा ते सहावा आठवडा: उभं राहून

आता मुख्य व्यायाम: टाचांमध्ये चेंडू धरून चवड्यांवर उठणं. ओट्याला दोन्ही हात टेकवायचे, टेनिसचा चेंडू दोन्ही टाचांच्या आतल्या बाजूंमध्ये, घोट्याच्या हाडांच्या खाली. चेंडू दाबत दोन मोजून वर, दोन मोजून थांबा, चार मोजून खाली. चेंडूमुळे टाचा आत वळतात आणि कमानीचा तो खोल स्नायू आपसूक कामाला लागतो. भार अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मुळावर हवा; करंगळीकडे कलला तर घोटा मुरगळायची भीती.

इथे आकड्यांबद्दल सावध राहा. व्हिडिओत दाखवलेल्या ‘२० च्या तीन फेऱ्या’ ३० किलोच्या मुलासाठी असतात. एका पायावर चवड्यानं उठायचं म्हणजे तुमच्या मुलाची एक पोटरी ४३ किलो उचलणार. सुरुवात दोन्ही पायांवर ८ च्या दोन फेऱ्यांनी करा, एक दिवसाआड. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत दोन-दोन वाढवत १५ च्या तीन फेऱ्यांपर्यंत जा. मग वर दोन्ही पायांनी, खाली एका पायानं. शेवटी एक पाय. घाई केली तर टाचेच्या मागे दुखायला लागतं. ८ ते १३ या वयात टाचेच्या हाडाची वाढीची चकती अजून जुळलेली नसते आणि जोरात ओढ बसली की ती सुजते. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर मूल ओरडलं तर चवड्यांचा व्यायाम दोन आठवडे बंद, पोटरीचा ताण हलक्या हातानं चालू.

पट्ट्याचा व्यायाम. व्यायामाचा रबरी पट्टा, सगळ्यात हलका. खुर्चीवर बसून पट्टा चवड्याभोवती, दुसरं टोक बाहेरच्या बाजूला टेबलाच्या पायाला. पायात मोजा, म्हणजे फरशीवर पाऊल सरकतं. टाच जागेवर ठेवून चवडा आतल्या बाजूला न्यायचा, तीन मोजून परत सोडायचा. १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या. मुलं गुडघा आत आणून फसवतात, म्हणून दोन गुडघ्यांत उशी धरायला द्या.

तळवा आखडणं आता उभं राहून, आणि तो धरूनच खुर्चीवरून उठणं-बसणं: १० वेळा, गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. गुडघे आत पडत असतील तर गुडघ्यांच्या वर पट्टा बांधा, मूल आपोआप बाहेर दाबतं. दात घासताना एका पायावर उभं राहणं, प्रत्येकी ३० सेकंद, याला वेगळा वेळ लागत नाही.

सातवा ते बारावा आठवडा: खेळाकडे

ओट्याला बोटं टेकवून एका पायावर चवड्यानं १० वेळा, न दुखता, उठता आलं की उड्या सुरू करा, त्याआधी नाही. लंगडी, दोरीवरच्या उड्या, खो-खो या सगळ्यांत एका पायावर वजनाच्या कितीतरी पट भार आपटतो. तळवे सपाट म्हणून मुलाला खेळापासून तोडू नये, पण तयारीशिवाय काँक्रीटच्या आवारात दोरीवर शंभर उड्या मारायला लावणंही चूक. मातीच्या मैदानावर, दोन्ही पायांच्या १० उड्यांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. मग लंगडी, दहा पावलं, पाय बदलून परत.

वाळूचं म्हणाल तर किनाऱ्यावरची ओलसर, घट्ट वाळू उत्तम. कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच खचते आणि पोटरी व तळव्यावर एकदम ताण येतो. तिथे पाच मिनिटांपासून सुरुवात करा. घरात अनवाणी राहू द्या. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांचे पायठसे तपासून १९९२ साली दाखवलं की पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण आणखी जास्त होतं. शाळेतून आल्यावर बूट काढून टाकणं हा फुकटचा व्यायाम आहे.

रोजची हालचाल आणि वजन

५ ते १७ वयोगटासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचालीची आहे. दुखणाऱ्या पायांनी पहिल्याच दिवशी तासभर चालवणं हा मुलाला चालण्याचा तिटकारा आणण्याचा खात्रीचा मार्ग. १०-१० मिनिटांचे दोन तुकडे, दर आठवड्याला प्रत्येकी दोन-तीन मिनिटं वाढ. उरलेला वेळ सायकल किंवा पोहणं: दम लागतो आणि पावलावर आदळआपट नाही. नियम साधा ठेवा. दुखणं दहापैकी तीनपर्यंत आणि दुसऱ्या सकाळी गायब, तर चालू द्या. त्याहून जास्त किंवा सकाळीही दुखत असेल, तर आदल्या आठवड्याच्या मापावर परत या.

वजन झपाट्यानं उतरवायचं नाही, उपाशी तर अजिबात ठेवायचं नाही. त्याचा आताचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) २४.७ आहे, वयाच्या मानानं बराच जास्त. या वयात उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढते. वजन ४३ वरच थांबलं आणि उंची १३८ झाली तर बीएमआय २२.६ वर येतो, एक किलोही न घटवता. तेवढ्यासाठी घरात बिस्किटांचे पुडे, सरबतं आणि पाकीटबंद ज्यूस आणणं थांबवलं, वरण-भात-भाजी-पोळी नेहमीचीच ठेवली आणि रात्री ९-१० तास झोप झाली, तरी बराच फरक पडतो. बालरोगतज्ज्ञांना दाखवताना ड जीवनसत्त्वाचंही विचारा, हाडं-पोटऱ्या दुखण्याचं ते वेगळं कारण असू शकतं.

बूट आणि इन्सोल

कमान घडवणारे बूट म्हणून जे विकलं जातं त्यावर पैसे घालवू नका. डॅलसमध्ये १ ते ६ वयाच्या मुलांवर झालेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षं खास बूट आणि इन्सोल (बुटाच्या आत तळाशी घालायची गादी) वापरूनही कमानीत काही फरक पडला नाही. दुखणं कमी करण्यासाठी मऊ तयार इन्सोल तीन-चार महिने घालायला हरकत नाही. तो आधार आहे, उपचार नाही. बूट निवडताना तीन गोष्टी: टाचेची मागची वाटी दाबून पिचत नसावी, तळ बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मध्यातून नाही, आणि सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंमी जागा असावी. स्थूल मुलांचं पाऊल रुंद असतं. रुंदीसाठी एक माप मोठा बूट घेतला की वाकण्याची जागा चुकते. रुंद साच्याचा बूट मिळेपर्यंत मागे पट्टा असलेली सँडल बरी.

काय मोजायचं

वहीत चार आकडे, दर दोन आठवड्यांनी. एका पायावर किती सेकंद उभा राहतो. चवड्यांवर न थांबता किती वेळा उठतो. भिंतीला गुडघा टेकवताना टाच न उचलता अंगठा भिंतीपासून किती सेंमी दूर ठेवता येतो. आणि संध्याकाळचं दुखणं दहापैकी किती. सोबत महिन्यातून एकदा, गुडघ्याखालचा मागून काढलेला फोटो, तीच फरशी, तेच अंतर. फोटो मुलासमोर ठेवून ‘बघ अजून वाकडेच’ म्हणू नका; चवड्यांवर उठण्याचा आकडा ८ वरून १४ झाला हे मात्र त्यालाच वहीत लिहू द्या.

दिवसाला १५-२० मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, बारा आठवडे. नंतर चेंडूचा व्यायाम आणि पोटरीचा ताण आठवड्यातून तीनदा चालू ठेवा, कारण उंची भराभर वाढते त्या महिन्यांत पोटरी पुन्हा आखडते. आकडे वाढले पण दुखणं तसंच राहिलं, तर बारा आठवड्यांनी वहीसकट बालअस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. आकडेच वाढले नसतील, तर आधी एखाद्या फिजिओथेरपिस्टसमोर मुलाला हे सगळं करायला लावा. बहुतेक वेळा पोटरी ताणताना बाहेर वळलेलं पाऊल नाहीतर तळवा आखडताना वळलेली बोटं सापडतात.